बिनमुठीचा विळा

गवतवाडीच्या तोंडाशी भेंडीचं एक जुनं झाड आहे. बुंध्याशी शेंदूर फासलेला गुडघ्याएवढा दगड, ती आमची सटवाई. तिच्या पुढ्यात तीन धोंड्यांची चूल, चुलीवर तांब्याचा हंडा आणि वर फांदीला साखळीनं टांगलेला एक विळा. विळ्याला मूठ नाही. नुसतं पातं आणि पात्यामागचं निमुळतं टोक. आजूबाजूला आता तीस-तीस मजली इमारती उभ्या राहिल्या, वाडीच्या दोन बाजू त्यांनी गिळल्या; पण एवढा कोपरा सोडून बिल्डरलासुद्धा भिंत वळवावी लागली.

रविवारी सकाळी जुनी मुंबई बघायला मंडळी येतात. टोप्या घातलेल्या, हातात पाण्याच्या बाटल्या. ती इथं हमखास थबकतात. एका गृहस्थांनी विचारलं होतं, इथं लाल बावट्याचं ऑफिस होतं का. एक बाई म्हणाल्या, अगंबाई, मूठ चोरीला गेली वाटतं. तर चोरीला नाही गेली. काढली गेली आणि पुन्हा बसवली नाही. त्यामागची हकीकत वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण अर्धवट सांगेल. तेव्हा जरा सावलीत या आणि नीट ऐका. ज्यांना घाई असेल त्यांनी पुढं व्हावं, पुढच्या गल्लीत भजी चांगली मिळतात.

राणीच्या राज्यातली गोष्ट. रुपयावर राणीचं तोंड होतं, ट्राम घोडे ओढत होते आणि प्लेग अजून यायचा होता. वाडीला लागूनच भाड्याच्या गाड्यांचे तबेले होते म्हणे. तबेल्यात घोडे, घोड्यांना गवत, आणि गवत कापून आणणारी माणसं म्हणजे आपली वाडी. जुन्नराकडून, घाटावरून आलेली कुटुंबं. पुरुष पहाटे माहीम-शिवडीच्या माळांवर जायचे, उन्हं चढली की डोक्यावर भारे घेऊन परतायचे. बायका गवत निवडून पेंढ्या बांधायच्या. वाडीत चालाल तिथं गवत, बसाल तिथं लीद. भिंती लिदीनं सारवलेल्या, चुलीत लिदीच्या गोवऱ्या. तिचा वास कुणाला येतच नव्हता. बाहेरचं कुणी आलं आणि नाकाला पदर लावला, की बायका हसायच्या.

प्रत्येक घरात एक विळा असायचा, आणि त्याचा मान देव्हाऱ्यातल्या टाकापेक्षा रतिभर जास्तच. पोट त्याच्यावर. म्हणून वाडीचा शिरस्ता असा होता, की घरात मूल जन्मलं की त्याची नाळ घरच्या विळ्यानंच कापायची. ज्या धारेवर घर जगतं, त्याच धारेनं लेकरू आईपासून मोकळं करायचं. म्हणजे मोठं झाल्यावर धार त्याला कधी उपाशी ठेवत नाही. विळा माळावरून आलेला असो की तबेल्यातून, गवतावर एकदा पुसायचा आणि लावायचा. धुवायचा मात्र नाही. विळ्याला आंघोळ वर्षातून एकदाच, खंडेनवमीला. त्या दिवशी चिंच लावून, कढत पाण्यानं घासून तो लखलखीत करायचा, त्याला हळदकुंकू वाहायचं. एरवी पाणी लागलं तर बरकत वाहून जाते, असं जुनी माणसं म्हणत.

शिरस्ता चांगल्या मनानं घातलेला होता. पण वाडीत मुलं टिकत नव्हती.

म्हणजे जन्मायची धडधाकट. वाडीभर ऐकू जाईल असं रडायची. मग सहाव्या-सातव्या दिवशी एकदम दूध सोडायची. जबडा बसायचा, अंग धनुष्यासारखं मागं ताणायचं, जरा भांडं वाजलं तरी आचके यायचे. आठव्या दिवशी पुरुषमंडळी फडक्यातलं एवढंसं गाठोडं हातावर घेऊन निघायची. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वाडी म्हणायची, आमच्या पोरांची कपाळं ती कोरीच ठेवते. तिची नजर चुकवावी म्हणून लोक मुलांना नावंही तशीच ठेवायचे. दगडू, धोंडू, केरू. नको असलेल्या वस्तूला कोण हात लावतो? वाडीत तेव्हा एका हाकेला चार धोंडू ओ द्यायचे.

या वाडीत राही नावाची सून होती. सासरा केरोबा, सासू ठकूबाई, आणि नवरा भाऱ्यामागं भारे वाहणारा, अबोल. केरोबाचा विळा वाडीतला सगळ्यांत जुना, त्याच्या आज्यानं गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेला. ठकूबाई वाडीची सुईण. घरोघरच्या बाळंतपणाला तीच जायची, नाळ त्या त्या घरच्या विळ्यानं कापायची. हात हलका, तोंड जड. तिची स्वतःची सहा गेली होती, एक राहिला तो हा मुलगा. राहीची दोन गेली होती. पहिला मुलगा आठव्या दिवशी, दुसराही आठव्या दिवशी. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि आठ हा आकडा कुणी उच्चारला, मग तो भाकरीचा हिशेब का असेना, तरी ती हातातलं टाकून उठायची आणि बाहेर जायची.

शेजारी चांगुणा राहायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते झाकण न उचलता सांगणारी बाई. असली एखादी प्रत्येक वाडीत लागतेच, लोक उगाच नावं ठेवतात. तिचीही पहिली दोन गेली होती. तिसरा मात्र जगला. नाव उकिरडा ठेवलेलं, पण असा गुबगुबीत की कडेवर घेतला की चांगुणा एका अंगाला कलायची. तो दिवसभर राहीच्या दारात रांगायचा, मातीसुद्धा आवडीनं खायचा. राही त्याच्याकडं बघत बसायची.

एकदा पेंढ्या बांधता बांधता तिनं विचारलं, "चांगुणे, तुझा ह्योच कसा गं राहिला?"

"देवीचा हाय त्यो," चांगुणा म्हणाली. "खंडेनवमीला जन्मला न्हाई का. सकाळी इळ्याची पूजा झाली आन् दुपारी ह्यो आला. ठकूमावशी इळ्याचं हळदकुंकू पुसाया लागली, म्या म्हनलं ऱ्हाऊ द्या. हळदकुंकवासकट नाळ कापली त्याची."

"आन् तानीची थोरली?"

"ती दसऱ्याच्या भल्या सकाळी. तिच्या मागची दोन मातुर गेली, ती शिमग्यातली."

बोलून चांगुणा दुसऱ्या विषयाकडं वळली, तिला विषयांची वाण नव्हती. राही मात्र तिथंच अडकली. हळदकुंकू तर सहाव्या रात्री सटवाईलाही वाहतात, तरी पोरं जातातच. मग त्या दिवशी विळ्याला वेगळं काय होतं? पेंढीची गाठ अर्धी राहिली हातात. वेगळी होती ती आंघोळ.

पण हे मनातच राहिलं असतं म्हणतात, दाक्तर आला नसता तर.

मुलं फार मरतात अशी बातमी सरकारदरबारी गेली होती. म्युनिसिपालटीनं एक दाक्तर धाडला. त्रिलोकेकर नावाचा, डोक्याला पागोटं, पायांत बूट, आणि बूट कुठं ठेवावा या काळजीनं बेडकासारखा चालणारा. तो आला तसं वाडीनं तान्ही मुलं गवतात लपवली, कारण देवी टोचायला आलाय असं सगळ्यांना वाटलं. त्यानं टोचलं काही नाही. झाडाखाली बसला, पाणी मागून प्यायला, आणि नाळ कशानं कापता ते दाखवा म्हणाला. ठकूबाईनं मोठ्या अभिमानानं केरोबाचा विळा आणून दिला. दाक्तरानं तो उन्हात धरला, उलटापालटा केला, नाकाशी नेला.

"बाई, या पात्यानं गवत कापलं, माती खाल्ली, तबेल्यातली लीद चाखली. लिदीत एक विष असतं. डोळ्यांना दिसत नाही. ते नाळेतून बाळाच्या अंगात जातं, आणि आठवड्यात त्याला धनुर्वात होतो."

"दिसत न्हाई म्हंता," ठकूबाई म्हणाली, "मग तुमाला कुठं भेटलं?"

माणसं हसली. दाक्तरही हसला, आणि तेवढ्यावरून वाडीनं त्याला बरा म्हटलं. "मलाही भेटलं नाही. ज्यांना भेटलं त्यांनी लिहून ठेवलंय. हा विळा फेकून द्या आणि ही कात्री घ्या. पाण्यात घालून खळखळ उकळायची, मग वापरायची. बेंबीला गोवरीची राख लावायची नाही, उकळून वाळवलेलं फडकं बांधायचं."

विळा फेकून द्या, हे तो बोलला तिथंच सगळं फिसकटलं. पोटाचं साधन कुणी फेकतं का? तो गेल्यावर ठकूबाईनं कात्री दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाली, "कातरीनं कापड फाडत्यात, लेकरू न्हाई. कातरीनं नाळ कापली तर पोर मोठं होऊन घर फाडंल." कात्री मग तंबाखूची पानं कातरायला लागली. चांगली धार होती म्हणे.

राही दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. आंघोळ हा तिचा शब्द आणि उकळणं हा दाक्तराचा, दोन्ही तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना तिनं सासूला हळूच म्हटलं, "आत्याबाई, कातर नको. इळाच असू द्या, मामंजींचाच. पर या बारीला त्याला कढत पान्याची आंघोळ घालू. खंडेनवमीला घालतो तशी, जरा जास्ती."

ठकूबाई काही बोलायच्या आत ओट्यावरून केरोबा खाकरला. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायची तेव्हा चाल नव्हती, आणि सासराही सुनेशी थेट बोलत नसे. तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलला. "नुसतं धुनं निराळं, उकळनं निराळं. मूठ राळंनं बसवल्याली हाय. उकळत्या पान्यात राळ वितळंल. मूठ सुटंल."

झालं. भाकरी तव्यावर करपली तरी कुणी उलटेना.

कारण वाडीत एक गोष्ट पक्की होती. ज्या घराच्या विळ्याची मूठ सुटली, त्या घराचा कर्ता पुरुष पुढची खंडेनवमी बघत नाही. अमक्याचं तसं झालं होतं, तमक्याचं झालं होतं, नावंसुद्धा घ्यायचे लोक. मूठ जरा हलायला लागली की माणसं कामधंदा टाकून सुताराकडं पळायची.

ठकूबाईनं तवा खाली उतरवला आणि सुनेकडं न बघता म्हणाली, "तुला लेकरू पायजे म्हनून माझं कुंकू पुसतीस व्हय गं, राहे?"

सासरा वाईट नव्हता. राहीच्या दुसऱ्या मुलाला हातावर घेऊन गेला तेव्हा परतताना वाटेत बसून राहिला होता, शोधायला माणूस धाडावा लागला होता. त्याचं वाईट व्हावं असं तिला कधीच वाटलं नाही. पुढचे महिने तिनं विळ्याचा विषय काढला नाही. फक्त एका मंगळवारी ती या दगडापुढं बसली आणि सटवाईला म्हणाली, असं सांगतात: "बाई, तू लिवती त्यात म्या हात घालत न्हाई. पर इळ्याची आंगूळ झाल्याबिगर या लेकराची नाळ म्या कापू देनार न्हाई. मंग तू मला काय करायचं ते कर." नवस म्हणजे देवाला काहीतरी द्यायचं असतं. हिनं नुसतं बजावलं. म्हणून वाडीतल्या बायका अजून म्हणतात, राहीनं नवस नाही केला, सटवाईशी भांडण मांडलं.

मार्गशीर्षात दुपारच्या वेळी तिच्या कळा सुरू झाल्या. ठकूबाईनं सगळी तयारी केली, चांगुणा हाताखाली होतीच, बोलावली नव्हती तरी. पुरुष बाहेर. केरोबा झाडाखाली बसलेला, पुढ्यात विळा, कारण बोलावलं की आत द्यायचा असे. चूल होती तीच ही चूल; तिच्यावर तेव्हा घोड्यांसाठी कुळीथ शिजायचे.

मूल झालं. रडलं खणखणीत. ठकूबाईनं विळा मागवला, चांगुणा तो घेऊन आत आली, आणि बघते तर राहीनं हात खाली नेऊन नाळ मुठीत धरलेली. बाळ पोटावर, नाळ मुठीत.

"सोड," ठकूबाई म्हणाली.

"आंघूळ घाला त्याला."

"राहे, येडी झालीस का. सोड ती."

"न्हाई सोडायची, आत्याबाई. माझा हात तोडा आन् मग कापा."

ठकूबाईनं समजावलं, धमकावलं, आईबाप काढले, शेवटी रडलीसुद्धा. राहीची मूठ सुटेना. अशा वेळी बाईच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे. चांगुणा विळा घेऊन आत-बाहेर करत होती. बाहेर केरोबानं विचारलं, "काय झालंय?"

"पोरगी झाली."

"ते ऐकलं. कापत का न्हाईत?"

चांगुणेनं सांगितलं. तिला आत जाऊन निरोप आणायचा होता की निरोप न्यायचा होता तेच तिला कळेना. झाडाखाली वाडी जमली होती. कुणीतरी म्हणालं, पोरगी तर हाय, एवढं कशाला ताणायचं. कुणी म्हणालं, वार पडली, आता उशीर नको. केरोबा उठला. तबेल्याकडचा एक माणूस कुळथाचा हंडा चढवत होता, त्याला म्हणाला, "त्यो उतरीव. घोडी थांबत्यात."

मग त्यानं स्वतः हंडा घासला. स्वतः पाणी भरलं, चुलीत फाटी घातली, फुंकर मारली. पुरुषमाणूस बाळंतिणीच्या पाण्यासाठी चूल पेटवतोय हे वाडीनं कधी पाहिलं नव्हतं. पोरं बघायला पुढं आली, मोठ्यांनी त्यांना मागं ओढलं.

ठकूबाई दारात आली. हात रक्तानं माखलेले. ती नवऱ्याला नाव घेऊन कधी बोलत नसे, तेव्हाही नाही बोलली. एवढंच म्हणाली, "अहो. पोरीसाठी?"

केरोबा चुलीकडंच बघत होता. "माझ्या आयनं माझं नाव केर ठेवलं. माझ्या आधी चार गेली, म्हनून. केर म्हनून जगलो, साठ वर्सं झाली आसतील. बास झालं. हिला धड नाव ठिवा."

पाण्याला खळखळून आधण आलं तेव्हा त्यानं चांगुणेच्या हातातून विळा घेतला, एकदा डोक्याला लावला आणि हंड्यात सोडला.

सांगणारे सांगतात, सगळी वाडी हंड्यात डोकावून उभी होती. आधी काहीच झालं नाही. मग पाण्यावर राळेचा तवंग आला, वास सुटला. आणि थोड्या वेळानं लाकडाची मूठ पात्यापासून सुटून वर आली आणि उकळत्या पाण्यावर तरंगायला लागली. गोल गोल फिरत होती म्हणे. ठकूबाई दाराची चौकट धरून उभी होती, तिनं डोळे मिटून घेतले. केरोबानं मात्र मूठ अजून थोडी फिरू दिली, पाणी पुन्हा खळखळू दिलं, आणि मगच चिमट्यानं पातं काढलं. त्याच पाण्यात उकळलेल्या फडक्यात मागचं टोक गुंडाळलं आणि आत धाडलं. आत राहीनं वाफाळतं पातं पाहिलं, आणि तिची मूठ आपोआप उघडली.

नाळ ठकूबाईनंच कापली. राख लावली नाही. फडकं बांधलं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सहाव्या दिवशी ठकूबाईनं पाटावर कोरा कागद आणि दौत-टाक ठेवला, सटवाईसाठी. सातव्या दिवशी पोरीनं दूध घेतलं. आठव्या दिवशी राही सकाळपासून तिचा जबडा बोटानं चाचपत होती; शेवटी पोर वैतागली आणि बोटच चोखायला लागली. दुपारी चांगुणा डोकावली, तर राही झोपलेली, पोरगी जागी, आणि ठकूबाई दोघींच्या मध्ये माशा वारत बसलेली. बाराव्या दिवशी पाळणा हलला. नाव आज्यानं ठेवलं: माणिक. इतकं चांगलं नाव वाडीत उच्चारायचीही लोकांना भीती वाटली. ठकूबाईनं कपाळाला एवढी मोठी तीट लावली की पोरीचं तोंड कमी आणि काजळच जास्त दिसत होतं.

केरोबानं विळ्याला पुन्हा मूठ बसवली नाही. सुतार फुकट बसवून देतो म्हणाला होता. केरोबा म्हणाला, "आता ह्यो गवताला न्हाई जायचा. ह्याला दुसरं काम लागलं." आणि त्यानं पातं झाडाला टांगलं. नवा विळा घेऊन तो माळावर जात राहिला, पण मनासारखी कापणी झाली नाही कधी. पावसाळ्यात खोकला धरला. पितृपक्ष कसाबसा काढला, आणि खंडेनवमीच्या चार दिवस आधी गेला.

दाक्तर भेटायला आला होता. म्हणाला, छातीचा जुना विकार, जन्मभर गवताची धूळ खाल्ली. असेलही तसं. शिकलेला माणूस, उगाच कशाला बोलेल? पण वाडीनं जे समजायचं ते समजून घेतलं. राहीनं तर स्वतःला अपराधीच धरलं. ती सासूपुढं मान वर करेना, सासूही तिच्याशी कामापुरतं बोले. विळा फांदीला तसाच लटकत राहिला. त्याला हात लावायला कुणी धजेना, आणि आपल्या घरचा विळा उकळायचं तर कुणाच्या मनातही येईना. इतकं होऊनही सगळं पहिल्यासारखं होणार असं दिसत होतं.

दिवाळी झाली आणि तानीच्या घरी बाळंतपण निघालं. तानी म्हणजे तीच, जिची थोरली जगली आणि मागची दोन गेली. तिच्या माणसांनी ठकूबाईला बोलावलं. आता ही बाई काय करते ते बघायला जो तो हातातलं काम टाकून आला. तीही आली. पांढरं कपाळ, पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. घरात न शिरता ती सरळ झाडापाशी गेली, फांदीवरनं पातं काढलं आणि वळून म्हणाली, "लेकराचा आजा कुठाय? त्याला बोलवा. चूल पेटवाया."

तानीचा सासरा, धोंडू नावाचा म्हातारा, गर्दीत मागं सरकला. "म्या कशाला? बायामान्सांचं काम त्ये."

"माझ्या मान्सानं पेटवली. तुमी बी पेटवा."

"आन् म्या मेलो म्हंजे?"

हे पातं जो उकळतो तो जातो, हे तिथं जमलेल्या सगळ्यांच्या मनात होतं, तो फक्त बोलला. ठकूबाईनं पातं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ती चिडली नाही, असं सांगतात. बाजारभाव सांगावा तशी म्हणाली, "मेलात तर आजा मेला. आजा मेला, नातू झाला, घरातली मानसं बराबर. जुन्या लोकांनी म्हनून ठिवलंय. आपल्या वाडीत उलटं चाललं हुतं, नातवं जात हुती आन् आजे बसून तंबाखू मळत हुते. माझे धनी ते सरळ करून गेले. तुमाला पुन्हा उलटं करायचं आसंल तर तसं सांगा, म्या घरला जाते."

धोंडूनं तोंडातला तंबाखू थुंकला आणि फाटी आणायला गेला.

पातं उकळलं. नवं फडकं गुंडाळलं. तानीला मुलगा झाला, जगला, आणि पुढं ट्रामचा घोडा जाऊन वीज आली तेव्हा त्यानं ती ट्राम चालवली म्हणतात. धोंडूबाबा त्यानंतर नऊ का दहा खंडेनवम्या बघून गेला. शेवटी शेवटी तर म्हणायचा, अजून कुणाची चूल पेटवायची असेल तर सांगा. तर तानीची सुटका झाली त्या संध्याकाळी ठकूबाई घरी आली, राहीच्या मांडीवरून माणिकला उचललं आणि म्हणाली, "दे इकडं. तू भाकऱ्या टाक. आठ टाक, चांगुणा हाय जेवाया." आठ आकडा ऐकूनही आपण उठून बाहेर गेलो नाही, हे राहीच्या लक्षात आलं ते भाकऱ्या झाल्यावर.

अशी ही हकीकत. त्यातलं किती खरं, ते सटवाई जाणे. तबेले गेले, गवत गेलं, माळही गेले. आता वाडीतल्या मुली बाळंतपणाला दवाखान्यात जातात, आणि तिथं नाळ कशानं कापायची ते दवाखाना बघतो. तो विळा घेऊन जा म्हटलं तर दारावरचा वॉचमन आपल्यालाच धरेल. पण आजही वाडीतली कुणी दवाखान्यात दाखल झाली, की घरच्या आजोबांना फोन येतो, आणि ते इथं येऊन चूल पेटवतात. दोन आजोबा असतील तर दोघंही येतात, फुंकर कुणी मारायची यावरून मानापमान होतात. गुडघे बदललेले, छातीत स्प्रिंग बसवलेले, कसलेही असोत, हंडा स्वतः घासायचा, पाणी स्वतः भरायचं. चांगलं खळखळलं की पातं आत सोडायचं. तेवढा वेळ बायका गप्पा मारत उभ्या राहतात आणि आजोबांना सूचना देतात.

मागच्याच महिन्यात आमच्या समोरच्या घरात नात झाली. आजोबा बँकेतनं निवृत्त झालेले, असल्या गोष्टींवर विश्वास नाही, घरात फोटोलासुद्धा हार घालत नाहीत. ते आले, धुरानं डोळे चोळत चूल पेटवली, पातं उकळून काढलं आणि पुसून पुन्हा फांदीला टांगलं. कुणीतरी थट्टेनं विचारलं, काय काका, भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली की. पण नातीच्या आधी माझाच नंबर आहे." मग चपला घातल्या, आणि मुलीचं नाव काय ठेवायचं यावर भांडायला घरी गेले.